सूर्याकडे पाठ करून

महसुली दप्तरात ज्याची नोंद मौजे कांजूर, तालुका कुर्ला अशी होते, त्या गावाच्या पश्चिमेस पवई-विहारच्या टेकड्या आहेत, पूर्वेस खाजण, मिठागरे आणि त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी आहे, आणि या दोहोंच्या मधून मध्य रेल्वेचा लोहमार्ग गेलेला आहे. सायंकाळी या खाडीकडे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की, तिच्या उत्तर टोकाशी एका पहाडी नदीचा संबंध आहे. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीच्या उतारावर उगम पावलेली उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते; तिचा थोरला प्रवाह वसईच्या खाडीकडे वळतो आणि एक अरुंद फाटा ठाणे व कळवा यांच्या मधून येऊन या खाडीला मिळतो. तेव्हा कांजूरच्या रहिवाशाने धीम्या गाडीने ठाणे गाठावे, तेथे कर्जतची गाडी पकडावी आणि नेरळ किंवा भिवपुरी रोड येथे उतरून नदीकाठ धरावा, हा आपल्याच दारच्या पाण्याचा वरच्या अंगाला माग काढण्याचा प्रकार होय. पहाडी नदीचे सायंप्रकाशातील छायाचित्र कसे घ्यावे, हा जो प्रस्तुत लेखाचा विषय, त्याची शाळा मला तरी या मार्गावरच भरलेली दिसते.

नदीचे सायंकाळचे चित्र घेण्यासाठी जाणारे बहुतेक जण मावळतीकडे तोंड करून उभे राहतात. समोर तांबूस आकाश, मध्ये सूर्याचा गोल, खाली पाण्यावर पसरलेला त्याचा पट्टा, आणि दोन्ही काठ काळेकुट्ट, असे चित्र त्यांच्या हाती लागते. ते वाईट असते असे नाही. परंतु ते कोणत्याही तळ्याचे, खाडीचे किंवा समुद्राचे असू शकते, कारण नदीला नदीपण देणारे जे जे काही असते, म्हणजे कातळ, उतार, धावते पाणी, काठावरच्या करंज-उंबराच्या मुळ्या, ते सारे त्या काळोखात बुडालेले असते. माझे मत असे की, सह्याद्रीच्या पायथ्याच्या नदीचे चित्र घ्यावयाचे असेल तर सूर्याकडे पाठ करावी. या मताला आधार आहे तो या मुलखाच्या ठेवणीचा.

भीमाशंकरच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसापैकी पूर्वेकडे उतरणारे पाणी भीमेला मिळून कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाते, आणि पश्चिमेकडे कोसळणारे पाणी उल्हासच्या खोऱ्यात येऊन सिंधुसागरास मिळते. देशावरच्या नद्या मावळतीकडे पाठ फिरवून वाहतात. त्यांची खोरी पूर्वेकडे उघडी आहेत. कोकणच्या बाजूस मात्र ढाक, पदरगड, भीमाशंकर यांची ती प्रचंड भिंत सरळ पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, आणि दिवसाचा अखेरचा प्रकाश तिच्यावर समोरून, आडवा, काहीही आडपडदा न राहता येऊन पडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ तयार झाला; दुपारच्या उभ्या उन्हात तो सपाट आणि निर्जीव दिसतो, परंतु मावळतीचे आडवे ऊन कपारींतील वाळके गवत पेटवते, आणि ती भिंत तांबूस सुवर्णाच्या रंगाने उजळून निघते.

आता या भिंतीच्या पश्चिमेस, नेरळ आणि भिवपुरीच्या डोक्यावर, माथेरानचा डोंगर आहे. त्यामुळे नदीच्या पात्रावरून सूर्य पंचांगातील सूर्यास्ताच्या पुष्कळ आधीच दिसेनासा होतो. आपल्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्तापासून सुमारे १९ अंशांवर, मावळता सूर्य साधारणतः चार मिनिटांस एक अंश या वेगाने खाली उतरतो. समोरचा डोंगर क्षितिजापासून पाच अंश वर उठलेला असेल तर काठावरच्या माणसाचा सूर्य वीसएक मिनिटे आधीच मावळतो. नवखा छायाचित्रकार येथेच कॅमेरा पेटीत घालून स्थानकाची वाट धरतो. प्रत्यक्षात खरा समय आता सुरू झालेला असतो, कारण पात्र सावलीत गेले असले तरी पूर्वेची भिंत अजून उन्हात असते. आणि सावलीतल्या पाण्यासमोर उन्हातली भिंत, अशी योजना निसर्ग दिवसातून या एवढ्याच अवधीत करून देतो.

पाण्याला स्वतःचा रंग फारसा नसतो. त्याच्या समोर जे असेल ते ते दाखविते. किती दाखवायचे याचा मात्र नियम ठरलेला आहे. सरळ वरून पाहिले तर स्वच्छ पाणी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के परत फेकते, म्हणून पुलावरून वाकून पाहणाऱ्यास तळाचे गोटे आणि शेवाळ दिसते. पण दृष्टी जसजशी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर होत जाते तसतसे हे प्रमाण वाढत जाऊन तिसऱ्या हिश्श्याच्याही पुढे जाते. याचा व्यवहारातील अर्थ इतकाच की, भिंतीचे प्रतिबिंब हवे असेल तर गुडघे टेकून बसावे आणि कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणावा. ताठ उभे राहून घेतलेल्या चित्रात त्याच डोहाचा तळ दिसेल, बसून घेतलेल्या चित्रात सह्याद्री दिसेल.

जेथे पाणी स्थिर असते, म्हणजे डोहात, तेथे प्रतिबिंब अखंड उमटते. पण मला अधिक मोहविते ते डोह संपून कातळावरून पाणी घसरू लागते ते ठिकाण. तेथे प्रत्येक तरंगाला दोन अंगे असतात. जे अंग आपल्याकडे कललेले असते ते माथ्यावरच्या आकाशाचा निळा रंग उचलते, आणि जे आपल्यापासून दूर कललेले असते त्यावर समोरच्या भिंतीचा सोनेरी रंग येतो. त्यामुळे वाहत्या पाण्यावर निळ्या आणि सोनेरी धाग्यांचे पैठणीसारखे विणकाम क्षणोक्षणी उसवत आणि विणले जात असते. हे दृश्य डोळ्यांनी पाहिलेले असूनही अनेकांना ते चित्रात सापडत नाही, कारण ते आकाश आणि भिंत यांनाच चौकटीत भरतात आणि पाण्याला तळाशी चार बोटे जागा देतात. माझी सूचना अशी की, चौकटीचा मोठा हिस्सा पाण्यालाच द्यावा, आणि भिंत वरच्या काठाशी थोडीशी दिसू द्यावी, किंवा मुळीच दिसू देऊ नये. ती पाण्यात आहेच. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचे एकच पाणी निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगविले, आणि प्रतिबिंब हे मूळ वस्तूपेक्षा नेहमी थोडे गडद असते हे जलरंगाच्या प्रत्येक चांगल्या अभ्यासकाला ठाऊक असते. छायाचित्र यंत्रावर संस्करण करताना जे पाणी आकाशाइतकेच उजळ करून टाकतात त्यांनी ही जुनी चित्रे अवश्य पाहावीत.

या प्रकाशाला तो रंग येतो कोठून, हेही समजून घेण्यासारखे आहे. हवेतील रेणू निळ्या प्रकाशाला तांबड्याच्या मानाने सुमारे चौपट विखुरतात. मध्यान्ही सूर्यकिरणांना वातावरणाचा थर उभा, म्हणजे कमीत कमी जाडीचा ओलांडावा लागतो. सूर्य क्षितिजावर टेकतो तेव्हा त्यांना जवळजवळ ३८ पट अधिक हवेतून यावे लागते, वाटेत निळा अंश विखरून नाहीसा होतो आणि उरलेला तांबूस प्रकाश कातळावर पोचतो. छायाचित्रकार हा रंग केल्विन या परिमाणात मोजतात. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विन, मावळतीचे ऊन ३००० किंवा त्याहूनही खाली, आणि सूर्यास्तानंतरचे निळे आकाश १०००० च्या घरात. अडचण अशी की, आजचे कॅमेरे आणि मोबाइल फोन हा रंगभेद म्हणजे दोष आहे असे समजून तो आपण होऊन दुरुस्त करतात, आणि आपण घरी येऊन पाहतो तो भिंत मातकट व पाणी करडे झालेले असते. यावर उपाय सोपा आहे. रंगसंतुलनाचा कारभार यंत्राच्या मर्जीवर न सोडता तो दिवसाच्या उन्हाच्या खुणेवर कायम करून ठेवावा; मग सोनेरी ते सोनेरी आणि निळे ते निळे राहते.

दुसरी गोष्ट प्रकाशमापनाची. भिजलेला कातळ इतका काळा असतो की, चौकटीत तो अधिक आला म्हणजे यंत्राला वाटते येथे अंधार आहे, आणि ते चित्र उगाच उजळ करते. त्यात पाण्यावरचा सोनेरी रंग पांढरा पडतो. म्हणून यंत्र सांगेल त्याच्या निम्माच प्रकाश आत घ्यावा. ध्रुवण फिल्टर, ज्याला पोलरायझर म्हणतात, तो अनेक जण नदीवर हटकून लावतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले असता तो चकाकी जवळजवळ पूर्ण पुसून टाकतो, आणि दुपारी तळाचे गोटे दाखविण्यास तो उत्तम. पण सायंकाळी ज्या चकाकीसाठी आपण आलो तीच पुसण्यात काय हशील? तो खिशात ठेवावा हे बरे.

इंग्रजी छायाचित्रण-पुस्तकांत ज्याला सोनेरी तास म्हटलेले असते, तो आपल्याकडे तासभर टिकत नाही. लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरात सूर्य क्षितिजाकडे तिरपा घसरत जातो, म्हणून तेथे ती वेळ लांबते. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ बुडतो. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यापासून अस्त होईपर्यंत आपल्याला पंचवीसेक मिनिटे मिळतात, त्यानंतरचा वाचण्याजोगा संधिप्रकाश आणखी तेवढाच, आणि या उत्तरार्धात दर तीन-चार मिनिटांस प्रकाश निम्मा होत जातो. एवढ्याशा मुदतीत जागा शोधणे, तिपाई रोवणे आणि भिंग पुसणे ही कामे करायची नसतात. ती दुपारीच उरकलेली असावीत. कोणता डोह पूर्वेकडे उघडा आहे, कोणत्या कातळावर शेवाळ आहे, पश्चिम तीरावर पाण्यापर्यंत उतरण्यास वाट कोठे आहे, याची पाहणी उन्हात करावी, आणि त्या भागातल्या ठाकूर-कातकरी मंडळींना विचारून करावी, कारण कोणता डोह किती खोल आहे हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

वाहते पाणी चित्रात कसे दिसावे, हा प्रश्न या कलेच्या जन्माइतका जुना आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या आद्य छायाचित्रकारांपैकी एक होत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हा प्रचारात येत होती. काचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी जवळच्या अंधाऱ्या राहुटीत ते उठवावयाचे, असा तो खटाटोप होता. आणि त्या काचेला पुरेसा प्रकाश मिळण्यास काही सेकंद लागत. १८६६ साली गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत जाऊन गंगेच्या उगमाचे छायाचित्र घेणाऱ्या सॅम्युअल बोर्नलाही याच रीतीने काम करावे लागले. त्या काळच्या चित्रांत कातळाचा कण न् कण रेखीव दिसतो, पण पाणी तेवढे धुक्यासारखे, दुधासारखे झालेले असते, कारण तेवढ्या सेकंदांत ते कितीतरी पुढे वाहून गेलेले असते. शिवाय ती काच निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे येई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच जोडून एकच चित्र छापले, ते याच अडचणीतून वाट काढण्यासाठी.

जे त्या मंडळींवर लादलेले होते ते आज आपण हौसेने करतो. तिपाईवर कॅमेरा ठेवून, भिंगापुढे काळसर काच लावून आणि कित्येक सेकंद पडदा उघडा ठेवून पाण्याला रेशमाचे रूप द्यावयाचे, याची सध्या फार चलती आहे. मला हे रूप पहाडी नदीला शोभत नाही असे स्पष्ट वाटते. त्यात वेगाची खूण राहत नाही, तरंगांची ती दोन अंगे एकमेकांत मिसळून जातात आणि निळ्या-सोनेरी धाग्यांच्या जागी एकच फिकट छटा उरते. उलटपक्षी सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या चित्रात प्रत्येक थेंब हवेत थिजलेला दिसतो, आणि तसे पाणी तर डोळ्याला कधीच दिसत नाही. या दोन टोकांच्या मध्ये, सेकंदाच्या पंधराव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत, एक प्रांत आहे. तेथे धार धारेसारखी राहते, तिची दिशा कळते, कातळावर आदळून ती कोठे फुटली हे दिसते आणि रंगही टिकतात. संधिप्रकाशात एवढा अवधी कॅमेरा आपण होऊनच मागतो, काळ्या काचेची गरज भासत नाही. तिपाई नसेल तर कॅमेरा किंवा फोन एखाद्या सपाट धोंड्यावर ठेवून, दोन सेकंदांनी आपोआप टिपण्याची सोय वापरावी; हातांच्या थरथरीपासून चित्र वाचते.

ऋतूचा विचार थोडक्यात सांगतो. श्रावणापर्यंत पाणी गढूळ आणि भिंत ढगांत असते. आश्विन-कार्तिकात पाणी निवळते, हवा धुतलेली असते, गवत पिवळे पडू लागते आणि धबधब्यांच्या अखेरच्या धारा अजून कड्यावर असतात. हाच काळ सर्वोत्तम. पौषापासून पुढे धूळ आणि धूर वाढून भिंत फिकी होते.

परंतु एका बाबतीत येथे थांबून, विस्ताराने बोलणे अवश्य आहे. टाटांचे भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरचे आंध्रा धरणाचे पाणी नळांतून खाली आणून, त्यावर वीज निर्माण करून ते पेज नदीत सोडले जाते आणि पेजेवाटे उल्हासला मिळते. उन्हाळ्यातही या नद्यांना पाणी दिसते ते त्यामुळे. अशी केंद्रे विजेची मागणी वाढते त्या वेळी अधिक चालविली जातात, आणि तेव्हा कोरड्या दिसणाऱ्या पात्रात, आकाशात ढग नसतानाही, पाणी चढते. पात्राच्या मधल्या खडकावर तिपाई रोवून पूर्वेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे पाणी मागून वेढते. पावसाळ्यातील धोका याहून भयंकर. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक उतारूंसह अडवून धरली होती, आणि ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाईहुकूम निघतात, त्यांबद्दल पर्यटकांत कुरकुर होते. मला ते हुकूम योग्यच वाटतात. काठावरून येत नाही असे कोणतेही चित्र नदीच्या मध्यातून येत नाही. परतण्यासाठी विजेरी जवळ असावी, एकटे जाऊ नये, आणि पाण्याचा रंग किंवा आवाज बदललेला वाटताच सामानाची पर्वा न करता वर चढावे.

ज्यांना कर्जतपर्यंत जाणे होत नाही त्यांनी हा सराव कांजूरलाच करावा. येथेही मावळतीस टेकड्या आहेत, सूर्य त्यांच्या आणि पवईच्या उंच इमारतींच्या आड लवकर जातो, आणि खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीच्या मागे पारसिकचा डोंगर अखेरचे ऊन अंगावर घेतो. सूर्यास्तानंतर त्या बाजूच्या आकाशात खाली करडा-निळा आणि त्यावर गुलाबी असे दोन पट्टे वर चढताना दिसतात. त्यांतला करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली होय. ओहोटीच्या वेळी चिखलावर राहिलेल्या पाण्याच्या पातळ थरात हे दोन्ही पट्टे उतरतात, आणि थंडीत त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे चरत असतात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित पक्षी अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; तेव्हा खाजणात वाटेल तेथे शिरण्याची मुभा नाही, हेही लक्षात ठेवावे.

आणि टेकडीच्या पलीकडे मिठी नदी आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून ती निघते, आणि माहीमपर्यंतच्या सुमारे १८ किलोमीटरांत तिचे काय होते हे २६ जुलै २००५ नंतर, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्यानंतर, सर्व मुंबईस ठाऊक झाले. तिची चित्रे निघतात ती बहुधा पुराची किंवा कचऱ्याची. ती काढलीच पाहिजेत, पण उगमाकडे, टेकडीच्या पायथ्याशी, तीही मुळात एक पहाडी नदीच आहे, आणि आश्विनातल्या सायंकाळी तिचे तेथले रूप टिपून ठेवण्याइतके कोणी तिच्याजवळ थांबत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या हाती कॅमेरा किंवा साधा फोन आहे त्यांना माझी विनंती आहे की, उल्हास असो, मिठी असो वा आपल्या गावचा ओहळ असो, एक जागा निवडावी, वर्षातून एकदा तरी त्याच महिन्यात आणि त्याच वेळी तेथून चित्र घ्यावे, आणि प्रत्येक चित्रावर तारीख, वेळ, गावाचे नाव व कॅमेऱ्याची दिशा एवढी नोंद न चुकता करून ठेवावी. पुढे नदीच्या पात्राविषयी, पाण्याविषयी किंवा काठच्या बांधकामाविषयी वाद उपस्थित झाला तर अशी तारीखवार चित्रे दस्तऐवज म्हणून उपयोगी पडतील.